जुन्या लष्करी रायफली : पहिली निवड कोणत्या देशाची?

महाराष्ट्रातील शहरी वाचकाला लष्करी रायफलीची ओळख असते ती बहुधा पोलिसाच्या खांद्यावरील ‘थ्री-नॉट-थ्री’मुळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अत्याधुनिक शस्त्रे घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर काही पोलीस याच जुन्या रायफली घेऊन उभे होते, तेव्हापासून हे नाव कालबाह्यतेचे प्रतीकच बनून गेले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. अमेरिकेत मात्र तीच रायफल, तिच्या रशियन, जर्मन, स्विस आणि स्वीडिश भावंडांसह, हौशी संग्राहकांच्या कपाटात मानाने विराजमान आहे. तेथे या छंदाला कित्येक दशकांची परंपरा असून, त्यात नव्याने शिरणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुरुवात कोणत्या देशाच्या रायफलीने करावी?

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. लष्कराने मोडीत काढलेली रायफल म्हणजे दुकानातील कोरी वस्तू नव्हे. साठ, ऐंशी, प्रसंगी शंभर वर्षांपूर्वी ती घडवली गेली, सैनिकाने वापरली, शस्त्रागारात दुरुस्त झाली, ग्रीसमध्ये बुडवून पेटीत ठेवली गेली आणि अखेर परकीय चलनाच्या मोहाने विकली गेली. या प्रवासात प्रत्येक देशाने तिला वेगळी वागणूक दिली. त्यामुळे देशाचे नाव हे अनुभवी संग्राहकाच्या दृष्टीने रायफलीच्या प्रकृतीचा अंदाज देणारे चिन्ह असते, त्यापलीकडे फार काही नाही. त्याआधी पाहायच्या दोन गोष्टी म्हणजे तिला लागणारे काडतूस आज सहज मिळते काय आणि तिची नळी आतून शाबूत आहे काय. या दोन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर देश कितीही रोमांचक असला तरी ती रायफल पहिली म्हणून घेऊ नये, असे जाणकार सांगतात.

बाजार कसा उभा राहिला?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपीय सैन्ये स्वयंचलित शस्त्रांकडे वळली आणि बोल्ट ओढून एकेक गोळी झाडायच्या लक्षावधी रायफली निरुपयोगी ठरल्या. त्या अमेरिकेत येऊ लागल्या आणि मासिकांतील जाहिराती पाहून टपालाने मागवता येऊ लागल्या. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येसाठी वापरलेली इटालियन कार्कानो रायफल अशीच, टोपणनावाने, शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवली गेली होती. दुर्बिणीसह तिची किंमत, टपालखर्च वगळून, १९.९५ डॉलर होती. या घटनेचे पडसाद १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात उमटले. टपालाने होणारी विक्री थांबली आणि परदेशी लष्करी शस्त्रांच्या आयातीवरही बंदी आली. १९८० च्या दशकात संग्राह्य मानल्या गेलेल्या जुन्या शस्त्रांपुरती ही बंदी सैल झाली. त्यानंतर सोव्हिएत संघ कोसळला, पूर्व युरोपची शस्त्रागारे उघडली आणि स्वस्त रायफलींचा पूरच लोटला. २००० च्या दशकात या छंदाला जी भरती आली, तिचे मूळ येथे आहे. ती भरती आता ओसरली आहे. शस्त्रागारे बरीच रिकामी झाली असून भाव अनेक पटींनी वाढले आहेत. ‘स्वस्त म्हणून घ्या’ हा जुना सल्ला आज कालबाह्य ठरला आहे.

रशियाची दणकट, पण खडबडीत

या पुरातील सर्वांत मोठी लाट रशियाच्या मोसिन-नागांट रायफलीची होती. रशियन अधिकारी सर्गेई मोसिन आणि बेल्जियमचे शस्त्रनिर्माते लिओन नागांट यांच्या कल्पनांच्या मिश्रणातून १८९१ मध्ये ती झारच्या सैन्यात दाखल झाली. पुढे १८९१/३० या सुधारित रूपात लाल सैन्याने स्टालिनग्राडपासून बर्लिनपर्यंत ती वाहून नेली. सर्व रूपे मिळून तिची निर्मिती तीन कोटींहून अधिक झाली असे मानले जाते. पहिल्या महायुद्धात झारचे कारखाने अपुरे पडले, तेव्हा अमेरिकेतील रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस या कंपन्यांनीही ती बनवली होती. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात तूला किंवा इझेव्स्क येथील कारखान्याची रायफल अमेरिकी दुकानांत शंभर डॉलरच्या आत मिळे. कॉस्मोलिन नावाच्या चिकट संरक्षक ग्रीसने ती माखलेली असे आणि नव्या मालकाचा पहिला शनिवार-रविवार ते ग्रीस काढण्यातच जाई.

या रायफलीचे गुण-दोष स्पष्ट आहेत. यंत्रणा कमालीची मजबूत आहे, सुटे भाग मोजके आहेत, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. मात्र लांबी जवळपास सव्वा मीटर आहे, खांद्याला बसणारा धक्का जबर आहे आणि बोल्ट पुष्कळदा अडकतो. हा अडकणे म्हणजे दोषच असे नाही. काडतूस बसण्याच्या पोकळीत वाळून कडक झालेले ग्रीस गोळीबाराच्या उष्णतेने वितळते आणि काडतुसाचे कवच धरून ठेवते. ती पोकळी नीट साफ केल्यावर तक्रार बहुधा दूर होते. नवशिक्याला चकवणारी दुसरी बाब म्हणजे नेम. सोव्हिएत सैन्यात या रायफलीचा नेम संगीन लावून जुळवला जाई. त्यामुळे संगीन काढून झाडल्यास गोळी भलतीकडे जाते आणि दोष विनाकारण नळीवर येतो.

खरा धोका जुन्या काडतुसांत आहे. डबाबंद सोव्हिएत काडतुसे दिसायला नवी असली, तरी त्यांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. गोळी झाडल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो आणि हवेतील ओलावा खेचून घेतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडी गजाचे जे होते, तेच मग नळीच्या आतील आट्यांचे होते, तेही दोन-तीन दिवसांत. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून अशा काडतुसांनंतर नळी प्रथम गरम पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि मगच तेल लावावे लागते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने असंख्य चांगल्या नळ्या वाया गेल्या आहेत. त्यातच अमेरिकी सरकारने २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या आयातीसाठी नवे परवाने देणे बंद केल्यापासून स्वस्त काडतुसांचा हा जुना आधारही डळमळला.

याच रायफलीचा फिनलंडमधील अवतार मात्र वेगळ्या जातीचा आहे. फिन लोकांनी रशियन रायफलींचे मूळ सांगाडे घेतले आणि त्यांवर उत्तम प्रतीच्या नळ्या व अधिक चांगले दस्ते बसवले. चौकटीतील ‘एसए’ ही अक्षरे म्हणजे फिनिश सैन्याची मोहर. एम-३९ हे तिचे प्रगल्भ रूप रशियन मूळ आवृत्तीपेक्षा महाग असते, पण नेमबाजीत त्या जादा पैशांचा मोबदला पुरेपूर मिळतो.

थ्री-नॉट-थ्री : इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ईशापूर

ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीचा विचार करताना ‘देश’ या शब्दाचा अर्थच बदलतो, कारण ती साम्राज्याच्या अनेक कोपऱ्यांत घडत होती. इंग्लंडखेरीज ऑस्ट्रेलियातील लिथगो, कॅनडातील लाँग ब्रँच आणि बंगालमधील ईशापूर येथे तिचे कारखाने होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीने बनवलेल्या रायफलींवर तर ‘यूएस प्रॉपर्टी’ अशी मुद्रा आहे, जरी त्या वापरल्या ब्रिटनने. दहा गोळ्यांचे मॅगझीन आणि लोण्यासारखा फिरणारा बोल्ट हे तिचे वैशिष्ट्य. तालीम झालेला सैनिक मिनिटाला पंधरा किंवा त्याहून अधिक नेमके बार काढू शके. दोन्ही महायुद्धांत भारतीय जवानांचे, अर्थात मराठा पलटणींचेही, हे नित्याचे शस्त्र होते. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात गस्त घालणाऱ्या रेंजर्सनी ती २०१० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वापरली. कडाक्याच्या थंडीत न अडखळण्याचा लौकिक हे त्याचे कारण.

पहिली रायफल म्हणून चौथ्या क्रमांकाची, म्हणजे ‘नंबर फोर’ ली-एनफील्ड, हा आजही समंजस पर्याय म्हणावा लागेल. तिची मागील नेमपट्टी डोळ्याजवळ असल्याने नेम धरणे सोपे जाते आणि .३०३ काडतुसे आजही नव्याने तयार होतात. मात्र तिच्याबाबत एक शब्द शिकणे अनिवार्य आहे : हेडस्पेस. बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस जेथे टेकते तेथपर्यंतचे हे अंतर. ते मर्यादेपेक्षा वाढले की झाडताना कवच ताणले जाते, फाटू शकते आणि तप्त वायू मागे झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. नंबर फोरमध्ये बोल्टचे टोक निरनिराळ्या मापांत मिळे आणि ते बदलून हे अंतर जुळवले जाई. पण हातोहात फिरलेल्या रायफलीत कोणाचा बोल्ट कोणाला लावला आहे याचा भरवसा नसतो. बोल्टवरील आणि सांगाड्यावरील क्रमांक जुळतात काय हे पाहावेच. जुळले तरी बंदूक-कारागिराकडून मापकाने तपासणी करून घ्यावी. ‘डीपी’ ही अक्षरे दिसली तर रायफल फक्त कवायतीसाठी राखलेली होती असे समजून ती झाडण्याचा विचार सोडून द्यावा.

भारतीय वाचकाला कुतूहल वाटेल ते ईशापूरच्या प्रकरणाचे. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला नव्या ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाच्या रायफली तातडीने हव्या होत्या. ईशापूरने ओळखीच्या जुन्या ली-एनफील्डचाच आराखडा घेतला, पोलाद अधिक बळकट वापरले, मॅगझीन चौकोनी आणि बारा गोळ्यांचे केले. ‘टू-ए’ आणि ‘टू-ए-वन’ या नावांच्या या रायफली जुन्या .३०३ ची नळी बदलून केलेल्या आहेत, असा समज अमेरिकेत बराच पसरला होता. वस्तुतः त्या नव्यानेच घडवलेल्या होत्या. हे काडतूस जगभर सहज मिळणारे असल्याने तेथील हौशी मंडळींनी त्यांना पसंती दिली. फक्त एक सावधगिरी सांगितली जाते. ७.६२ नाटो आणि त्याचे शिकारी भावंड .३०८ विंचेस्टर बाह्यतः सारखे असले, तरी दोहोंची मापे आणि दाबाची प्रमाणे तंतोतंत एक नाहीत. म्हणून शिकारीची जोरकस काडतुसे या रायफलीत न वापरणे बरे.

पुण्याचाही धागा येथे येऊन मिळतो. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची .३०३ काडतुसे, बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे मिरवत, अमेरिकी बाजारात पोहोचली होती. दशकानुदशके पडून राहिलेल्या या साठ्याबद्दल तेथील नेमबाजांचे मत फारसे अनुकूल नाही. चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग बार उडतो, अशी तक्रार वारंवार केली जाते. अशा वेळी घाईने बोल्ट उघडणे जीवघेणे ठरू शकते. नळी सुरक्षित दिशेला रोखून काही काळ थांबावे, हाच नियम. जुनी काडतुसे, मग ती कोणत्याही कारखान्याची असोत, संग्रहात ठेवावीत आणि झाडण्यासाठी नवी घ्यावीत, हे अधिक शहाणपणाचे.

जर्मनी : नावाला भाव, म्हणून नकलांचा सुकाळ

१९३५ मध्ये स्वीकारलेली जर्मन कार-९८-के ही माउझर रायफल बहुतेक नवशिक्यांना हवी असते आणि नेमकी तीच पहिली म्हणून घेऊ नये, असा सल्ला मिळतो. कारण यांत्रिक नाही. माउझरची रचना इतकी निर्दोष की आजच्या कित्येक शिकारी रायफली तिचेच वारस आहेत. अडचण आहे ती बनवेगिरीची. सर्व क्रमांक जुळणारी, मूळ अवस्थेतील रायफल आणि सरमिसळ भागांची रायफल यांच्या किमतीत मोठी तफावत असल्याने क्रमांक नव्याने ठोकणे, नाझी मुद्रा उमटवणे असे उद्योग चालतात. युद्धाअखेर सोव्हिएत सैन्याने जप्त केलेल्या रायफली सुट्या करून, रंगवून, हाती लागेल तो भाग हाती लागेल त्याला जोडून पुन्हा उभ्या केल्या गेल्या. दस्त्यावरील लाखेचा तांबूस थर आणि नंतर कोरलेले क्रमांक ही त्यांची खूण. प्रामाणिकपणे ‘रशियन जप्ती’ म्हणून विकली जात असेल, तर ती वाईट खरेदी नव्हे. मूळ म्हणून विकली जात असेल, तर ती फसवणूक. हा फरक ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. तोपर्यंत युगोस्लाव्हियाची युद्धोत्तर एम-४८ घ्यावी. ती क्रागुयेवाच येथे बनली, काडतूस तेच, अवस्था बहुधा अधिक चांगली, आणि नक्कल करण्यात कोणाचाच फायदा नाही.

तटस्थ देशांचा लाभ

ज्या देशांनी महायुद्धे लढली नाहीत, त्यांच्या रायफली साहजिकच कमी झिजल्या. स्वीडनच्या एम-९६ माउझरच्या दस्त्यावर पितळेची एक चकती असते. शस्त्रागारातील कारागीर नळीचा व्यास आणि आतील अवस्था तिच्यावर खुणेने नोंदवीत, म्हणजे रायफल स्वतःच आपला वैद्यकीय दाखला घेऊन फिरते. चकत्या बदलता येतात हे ध्यानात ठेवून नळी तपासावी हे वेगळे. तिचे ६.५ बाय ५५ मिलिमीटरचे काडतूस धक्क्याला सौम्य, नेमाला अचूक आणि स्कँडिनेव्हियात आजही शिकारीसाठी वापरात असल्याने सहज उपलब्ध आहे.

स्वित्झर्लंडची के-३१ ही त्याहूनही लाडकी. तिचा बोल्ट फिरवावा लागत नाही, सरळ मागे ओढून पुढे ढकलायचा. सुमारे सव्वापाच लाख रायफली बनल्या, त्या युद्धात कधी उतरल्या नाहीत आणि २००० च्या दशकात अमेरिकेत अत्यल्प भावात आल्या. दस्त्याचा खालचा भाग पुष्कळदा बर्फ, चिखल आणि बुटांच्या ठोकरांनी खराब झालेला असतो. पण आत नळी आरशासारखी. काही रायफलींच्या दस्त्याच्या टोकावरील लोखंडी पट्टी उघडली, की आत घडी केलेला कागद सापडतो. त्यावर ज्या नागरिक-सैनिकाने ती घरी सांभाळली त्याचे नाव, पलटण आणि गाव असते. काही अमेरिकी मालकांनी या कागदांवरून मूळ सैनिकांना पत्रे पाठवली आणि उत्तरेही आली. वस्तूशी असे माणूसपण जोडलेले असताना दस्ता पॉलिश-कागदाने घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. संग्राहकांच्या लेखी तो प्रकार जुन्या नाण्याला चिंचेने घासण्याइतकाच घातक. स्विस ‘जीपी-११’ काडतुसे क्षारमुक्त आणि उत्कृष्ट. तथापि त्यांचा जुना साठा आटत चालला आहे, हे हिशेबात धरावे लागते.

घरची गॅरँड आणि इतर

अमेरिकी नागरिकासाठी एक मार्ग सर्वाधिक निर्धोक मानला जातो. सरकारच्या जुन्या नेमबाजी-प्रसार योजनेतून १९९६ मध्ये स्वतंत्र झालेली ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ ही संस्था दुसऱ्या महायुद्धातील एम-१ गॅरँड रायफली तपासून, प्रतवारी करून विकते. त्यांतील कित्येक डेन्मार्क, ग्रीस यांसारख्या मित्रदेशांना दिलेल्या आणि परत आलेल्या आहेत. गॅरँड अर्धस्वयंचलित असून आठ गोळ्यांची क्लिप रिकामी झाली, की ती टणत्कार करीत बाहेर उडते. क्लिप भरताना अंगठा वेळेवर न काढल्यास बोल्ट तो चेमटवतो. या दुखण्याला ‘गॅरँड थंब’ असे नावच पडले आहे! विक्रेता स्वतःच हेडस्पेस तपासून देतो, ही नवशिक्याच्या दृष्टीने मोठीच सोय. खरेदीदार अमेरिकी नागरिक असणे आणि संलग्न नेमबाजी क्लबचा सदस्य असणे या अटी आहेत.

जपानची अरिसाका मजबूत, पण काडतुसे दुर्मीळ. तिच्यावरील सम्राटाचे शेवंतीचे फूल शरणागतीनंतर बहुधा घासून टाकलेले आढळते. ते शाबूत असल्यास किंमत वाढते. इटलीची कार्कानो आणि फ्रान्सची मास-३६ यांची गत काडतुसांच्या बाबतीत तशीच. चिनी एसकेएस पुष्कळ आल्या, परंतु १९९४ मध्ये चीनमधून होणारी शस्त्रआयात थांबल्यापासून जे आधी आले तेच हातोहात फिरते आहे.

परवाना आणि मर्यादा

अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या मूळ अवस्थेतील शस्त्रांच्या संग्राहकाला तीन वर्षांसाठी ३० डॉलर शुल्कात खास परवाना मिळतो. त्यावर परराज्यातून थेट खरेदी करता येते, मात्र प्रत्येक व्यवहाराची नोंदवही ठेवावी लागते. राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत. तेथे नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी तरुणांनी हे विशेष लक्षात घ्यावे, की एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद वगळता, बंदूक बाळगणे हा संघराज्य कायद्यानुसार गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

भारतात हा छंद जवळजवळ अशक्यच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना अनिवार्य असून २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. .३०३ हा ‘प्रतिबंधित बोअर’ असल्याने पोलिसांनी निवृत्त केलेली थ्री-नॉट-थ्री सामान्य नागरिकाच्या हाती येऊ शकत नाही. परवानाधारकाला मिळते ती .३१५ बोअरची शिकारी रायफल. ईशापूरच्याच कारखान्याने ती बनवली, आणि बोल्ट उघडून पाहिला तर आतली यंत्रणा ली-एनफील्डचीच निघते.